घरचा मसाला, पापड, डबा विकायचाय? शंभर रुपयांच्या नोंदणीपासून पाकिटावरच्या मजकुरापर्यंत सगळे नियम

पनवेल : एप्रिल-मे महिना आला की तालुक्यातल्या गावागावांत अंगणात वाळवणं पडतात. कुठे तांदळाचे पापड, कुठे कुरडया, कुठे मिरच्या-धणे उन्हात टाकलेले. पूर्वी हे सगळं घरापुरतं आणि पाहुण्यारावळ्यांपुरतं असायचं. आता खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथल्या सोसायट्यांतून व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर येतात. आगरी मसाला, लोणचं, सुकी मासळी, उकडीचे मोदक, तांदळाच्या भाकरीचा डबा, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. हाताला चव असलेल्या बाईला घरबसल्या चार पैसे मिळू लागले आहेत.

पण एखादा दुकानदार "तुमचा फूड नंबर काय?" असं विचारतो आणि तिथेच गाडी अडते. काही जणी घाबरून दुकानात माल ठेवण्याचा विचारच सोडतात. काही जणी एजंटला हवे तेवढे पैसे देऊन मोकळ्या होतात. काही जण तर "घरात केलेल्याला कसला कायदा" म्हणून तसाच धंदा चालू ठेवतात. या तिन्हींत नुकसान घरच्याच माणसाचं आहे. नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये आहे आणि अर्ज मोबाइलवरून भरता येतो. खरी काळजी पुढच्या गोष्टींची घ्यावी लागते : स्वच्छता, पाकिटावरचा मजकूर आणि कागद कोणाच्या नावावर आहे ती गोष्ट.

कायदा कोणता?

देशात खाण्याच्या सगळ्या धंद्यांना अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू आहे. त्याखालची परवाना व नोंदणीची नियमावली २०११ सालची असून ती ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आली. त्याआधी भेसळीसाठी १९५४ चा कायदा होता आणि लोणची, मुरंबे, सरबतं यांसाठी १९५५ चा वेगळा आदेश होता. आता सगळं एकाच कायद्याखाली आहे.

दिल्लीची एफएसएसएआय ही संस्था नियम ठरवते. महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करतं, म्हणजे ज्याला लोक एफडीए म्हणतात ते खातं. रायगड जिल्ह्याचं एफडीए कार्यालय पेणला आहे. पनवेलकरांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. खारघर, कामोठे, कळंबोलीच्या पत्त्यात "नवी मुंबई" लिहितात, पण पनवेल तालुका रायगड जिल्ह्यात येतो. ऑनलाइन अर्जात जिल्हा निवडताना ठाणे टाकलं तर अर्ज भलत्याच कार्यालयात जाऊन पडतो.

कोणाला लागते, कोणाला लागत नाही?

शेतकऱ्याला आणि मच्छीमाराला या कायद्याच्या कलम १८ ने बाहेर ठेवलं आहे. शेतातला भात, वाल, भाजी, झाडाचा आंबा आहे तसा विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणी लागत नाही. पण त्याच आंब्याचं लोणचं किंवा आंबापोळी घातली, तांदळाचे पापड लाटले, मिरचीचा मसाला कुटला, की तो खाद्यपदार्थ बनवण्याचा धंदा होतो आणि नोंदणी लागते. माल शेतातून निघून चुलीपाशी आला की नियम बदलतात, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

दुधाचंही तसंच आहे. सहकारी दूध संस्थेचा सभासद असून तिथेच दूध घालणाऱ्याला वेगळी नोंदणी लागत नाही. घरोघरी रतीब घालणाऱ्याने किंवा घरचं तूप, पनीर विकणाऱ्याने ती करायची आहे.

डबा पुरवणारे, घरगुती खानावळवाले, वडे-भजीची गाडी लावणारे, महामार्गाच्या कडेला हंगामात पोपटी विकणारे हे सगळे नोंदणीत येतात. ऑनलाइन अर्जात घरगुती खानावळ आणि डबेवाल्यांसाठी वेगळा प्रकारच दिलेला आहे. आचारी किंवा केटरिंगवाला लहान असला तरी तोही धंदाच समजला जातो.

नोंदणी की परवाना?

लोक दोन्हीला "फूड लायसन" म्हणतात, पण दोन्ही वेगळे आहेत. छोट्यांसाठी नोंदणी आणि मोठ्यांसाठी परवाना. २०११ च्या नियमावलीने छोट्या व्यावसायिकाची रेषा अशी आखली :

• वर्षाची उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत
• दूध व मांस सोडून इतर पदार्थांचं उत्पादन दिवसाला १०० किलो किंवा १०० लिटरपर्यंत
• दुधाची हाताळणी दिवसाला ५०० लिटरपर्यंत

उलाढाल म्हणजे नफा नव्हे. वर्षभरात जेवढ्याची विक्री झाली ती सगळी रक्कम धरायची. उदाहरणार्थ, एखादी बाई १०० रुपयांचा एक याप्रमाणे ३० डबे महिन्यातले २६ दिवस देते. महिन्याला ७८ हजार आणि वर्षाला ९ लाख ३६ हजार रुपये होतात. ती या रेषेच्या आत आहे. तेच डबे ४० झाले तर वर्षाला १२ लाख ४८ हजार होतात, म्हणजे रेषा ओलांडली. हाताशी नफा दोन-अडीच लाखच उरत असला तरी हिशेब विक्रीचाच होतो. म्हणून रोजची विक्री वहीत लिहून ठेवणं गरजेचं आहे.

रेषेच्या पुढे गेल्यावर राज्य परवाना घ्यावा लागतो. त्याची फी जास्त आणि कागदपत्रंही जास्त. ही मर्यादा आणि फी सरकार बदलू शकतं. त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवर जो आकडा दिसेल तोच खरा धरावा.

अर्ज कसा करायचा?

अर्ज एफएसएसएआयच्या "फॉसकॉस" या सरकारी पोर्टलवर होतो. तिथे राज्य महाराष्ट्र, जिल्हा रायगड, आपल्या धंद्याचा प्रकार आणि उलाढाल टाकली की नोंदणी लागते की परवाना ते समजतं. नोंदणीसाठी लागणारी कागदपत्रं मोजकीच आहेत :

• अर्जदाराचा फोटो
• ओळखपत्र, जसं आधार किंवा मतदान कार्ड
• जागेच्या पत्त्याचा पुरावा, जसं वीजबिल, घरपट्टी किंवा भाडेकरार
• ग्रामपंचायत किंवा महापालिकेचा ना-हरकत दाखला असेल तर तोही जोडता येतो

फी वर्षाला १०० रुपये. एक ते पाच वर्षांची एकदम भरता येते, म्हणजे पाच वर्षांचे ५०० रुपये. ज्यांना मोबाइलवर जमत नाही त्यांनी गावातल्या सीएससी केंद्रात जावं. केंद्रचालक त्याच्या कामाचे पैसे वेगळे घेईल, पण सरकारी फी आणि त्याची मजुरी किती ते आधीच विचारून घ्यावं. गुगलवर शोधलं तर सरकारी वाटतील अशा खासगी वेबसाइट आधी दिसतात. त्या फोन करून मोठी रक्कम मागतात. पैसे भरण्याआधी पान एफएसएसएआयचंच आहे ना, हे पाहून घ्यावं.

अर्ज भरताना दोन चुका नेहमी होतात. पहिली, मोबाइल नंबर एजंटचा टाकला जातो. मग ओटीपी त्याच्याकडे, मेसेज त्याच्याकडे, आणि मुदत संपत आली तरी धंदेवाल्याला पत्ता नसतो. नंबर स्वतःचाच टाकावा. दुसरी चूक नावाची. राबते बाई आणि अर्ज नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावाने भरला जातो. प्रमाणपत्र ज्याच्या नावावर, त्याचा धंदा आणि त्याचीच जबाबदारी. उद्या कर्ज घ्यायचं, योजनेत अर्ज करायचा किंवा दुकानात माल ठेवायचा म्हटलं की हाच कागद विचारला जातो. जी करते तिच्याच नावाने नोंदणी असलेली बरी.

अर्ज पोचल्यावर अधिकाऱ्याने सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची किंवा तपासणीची नोटीस द्यायची असा नियम आहे. तपासणी लावली तर निर्णय ३० दिवसांत द्यायचा. या मुदतीत काहीच कळवलं नाही तर छोटा व्यावसायिक काम सुरू करू शकतो. मात्र नंतर अधिकाऱ्याने सुधारणा सांगितली तर ती करावी लागते. बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय नोंदणी नाकारता येत नाही. म्हणून अर्जाचा संदर्भ क्रमांक आणि पावती जपून ठेवावी.

नोंदणी झाली की १४ आकडी नंबर मिळतो. नोंदणीचा नंबर २ ने आणि परवान्याचा १ ने सुरू होतो. पुढचे दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे १५. बाजारात एखाद्या पाकिटावर १४ पेक्षा कमी-जास्त आकड्यांचा नंबर दिसला तर तो बोगस समजावा. प्रमाणपत्राची प्रत स्वयंपाक होतो तिथे दिसेल अशी लावायची. बिल किंवा पावती देत असाल तर त्यावरही हा नंबर १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे.

नोंदणी एका जागेपुरती असते. घरी माल बनतो आणि बाजारात गाळाही आहे, असं असेल तर दोन्हीचे अर्ज वेगळे.

स्वयंपाकघर कसं हवं?

"घरातल्या चुलीवर केलेलं चालतं का?" हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. २०११ च्या नियमावलीत अनुसूची ४ आहे. तिचा भाग १ छोट्या व्यावसायिकांसाठी आहे आणि त्यात कारखान्यासारखी वेगळी इमारत मागितलेली नाही. मागितली आहे ती स्वच्छता :

• जागा स्वच्छ, हवेशीर आणि उजेडाची असावी. गोठा, उकिरडा, शौचालय यांच्या लगत पदार्थ करू नयेत.
• पाणी पिण्यायोग्य असावं. टाकी वेळोवेळी धुतलेली असावी. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर तपासून घेतलेलं बरं.
• करणाऱ्याची नखं कापलेली, केस बांधलेले, हात साबणाने धुतलेले. ताप, जुलाब, त्वचेचा संसर्ग असताना पदार्थाला हात लावू नये. जखम झाकलेली असावी.
• काम चालू असताना तंबाखू, पान, विडी आणि थुंकणं बंद.
• कच्चा आणि तयार माल वेगळा, झाकलेला, जमिनीपासून वर ठेवलेला.
• फवारणीची औषधं, रॉकेल, फिनेल हे स्वयंपाकाच्या सामानापासून दूर. शेतकऱ्याच्या घरात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. औषधाची रिकामी बाटली किंवा डबा कितीही धुतला तरी खाण्याच्या मालासाठी वापरायचा नाही.
• कचऱ्याचा डबा झाकणाचा आणि रोज रिकामा केलेला.

वाळवणं करणाऱ्यांनी गच्चीवर किंवा अंगणात स्वच्छ कापड, वरून जाळी आणि कोंबड्या-कुत्र्यांपासून आडोसा एवढं तरी करावं. सुकट, बोंबील, करंदी वाळवतानाही मांडव किंवा दोरी वापरली तर वाळू-माती लागत नाही.

तळणीच्या तेलालाही नियम आहे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात तयार होणारे अपायकारक घटक २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले की ते तेल वापरता येत नाही. हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी मोजायचं यंत्र नसतं. पण तेल काळं, चिकट झालं, फेस येऊ लागला की ते टाकून द्यावं हे प्रत्येक बाईला माहीत असतं. जुन्यात नवीन तेल ओतत राहणं हीच चूक.

मसाला सुटा विकता येत नाही

आपल्याकडे आगरी-कोळी मसाला किलोकिलोने विकला जातो. घरी येणाऱ्या गिऱ्हाइकाला डब्यातून काढून, तोलून दिला जातो. नियम असा आहे की दळलेले, कुटलेले मसाले बंद पाकिटातच विकायचे. अख्खी मिरची किंवा अख्खे धणे सुटे चालतात, पूड चालत नाही. घाण्याच्या खाद्यतेलालाही मुळात बंद पॅकिंगचाच नियम आहे.

मसाल्यात वरून रंग घालायला बंदी आहे. लाल भडक दिसावा म्हणून चिमूटभर रंग टाकला तरी तो मसाला नमुन्यात फेल जातो. डंकावर कुटून आणताना आधीच्या गिऱ्हाइकाचा माल त्यात मिसळणार नाही, हेही पाहावं. पाकिटावर नाव आपलं असतं, डंकवाल्याचं नसतं.

वर्तमानपत्रात खाण्याचा पदार्थ बांधून द्यायलाही मनाई आहे. २०१८ च्या पॅकेजिंग नियमावलीत तसं स्पष्ट लिहिलं आहे आणि ती १ जुलै २०१९ पासून लागू आहे. शाईतले घटक तेलकट पदार्थात उतरतात. भजी, फरसाण, चकलीसाठी कोरा कागद किंवा खाण्यासाठी योग्य असलेली पिशवी वापरावी.

पाकिटावर काय लिहायचं?

घरगुती धंद्यात सर्वांत जास्त चुका इथे होतात. पापड उत्तम असतात, पण पाकिटावर फक्त देवाचा फोटो आणि मोबाइल नंबर. लेबलाचे नियम २०२० च्या नियमावलीत आहेत. वजन-किमतीचे नियम वैधमापन शास्त्र कायदा, २००९ आणि २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांत आहेत. दोन्ही मिळून लेबलावर पुढील गोष्टी हव्यात :

१) पदार्थाचं नाव
२) घटक पदार्थ, सगळ्यात जास्त वजनाचा पहिला आणि कमी वजनाचा शेवटी
३) शाकाहारी असेल तर हिरव्या चौकोनात हिरवा गोल, मांसाहारी असेल तर तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण. कोळंबीचं लोणचं, सुकी मासळी, अंडं घातलेला केक यांना तपकिरी खूण
४) बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता
५) एफएसएसएआयचं बोधचिन्ह आणि १४ आकडी नंबर
६) निव्वळ वजन, पिशवीचं वजन सोडून
७) बनवल्याची किंवा पॅक केल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरावं ती तारीख
८) बॅच नंबर. वहीत ज्या दिवसाचा घाणा लिहिला, तोच नंबर टाकला तरी चालतो
९) कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसह
१०) तक्रारीसाठी फोन नंबर
११) शेंगदाणे, दूध, गहू, सोयाबीन, मासे असे अ‍ॅलर्जी आणणारे घटक असतील तर त्यांचा स्पष्ट उल्लेख
१२) पोषणमूल्यांचा तक्ता. मसाल्यांना यातून सूट आहे

भाषेबाबत बहुतेकांचा गैरसमज असतो. लेबलावरचा आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा असं नियम सांगतो. त्यासोबत मराठी खुशाल लिहावी, पण फक्त मराठीतलं लेबल पुरेसं धरलं जात नाही. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी असं छापून घेतलं की प्रश्न मिटतो.

"शुगर बरी करते", "गुडघेदुखीवर रामबाण" असले दावे लेबलावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या जाहिरातीत करू नयेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा दंड कलम ५३ प्रमाणे १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. नाचणीचे लाडू पौष्टिक आहेत इतपत ठीक, त्याने आजार बरा होतो असं म्हणणं वेगळं.

किती दिवस टिकतं ती तारीख अंदाजाने टाकू नये. आपण केलेलं एक पाकीट घरातच ठेवून, दर आठवड्याला उघडून वास-चव पाहून, टिकलं त्याच्या आतली तारीख लिहावी. पावसाळ्यात कोकणातल्या दमट हवेत उन्हाळ्याइतका माल टिकत नाही, हे लक्षात ठेवून तारीख ठरवावी.

गॅस, काटा आणि बाकीचे कागद

घरगुती अनुदानाचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही. २००० सालच्या एलपीजी आदेशात तशी मनाई आहे आणि सिलिंडर जप्त होऊ शकतो. धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा. एफएसएसएआयचं प्रमाणपत्र असलं म्हणजे गॅसचा नियम सुटला असं होत नाही.

तोलून विकणाऱ्याचा इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वजनमापे खात्याकडून तपासून, शिक्का मारून घ्यावा लागतो. बंद पाकिटं विकणाऱ्याने काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत त्याच खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणी करायची असते. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

उद्यम नोंदणी आधारवरून ऑनलाइन होते, मोफत आहे आणि बँकेच्या कामाला येते. दहापेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात नोंदणी करावी लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते.

जीएसटीची भीती छोट्यांनी बाळगू नये. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत आणि डबा-केटरिंगसारख्या सेवेला २० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर नोंदणी लागत नाही. मात्र पापड-लोणचं कुरिअरने गुजरात, कर्नाटक असं दुसऱ्या राज्यात विकायचं असेल तर उलाढाल लहान असली तरी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. परराज्यातल्या ऑर्डर घेण्याआधी कर सल्लागाराला विचारून घ्यावं.

बचत गटांसाठी

गटाच्या नावानेही नोंदणी होते. गटाने एका जागी काम केलं तर कागद सोपा पडतो. प्रत्येक सभासदाने आपापल्या घरी वेगळं काही करून एकाच नावाने विकलं, तर पाकीट कोणाच्या हातचं हेच कळत नाही. लिज्जत पापडाचं उदाहरण यासाठी पाहण्यासारखं आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. तिथे पीठ एका जागी मळलं जातं, बायका ते घरी नेऊन लाटतात आणि पापड पुन्हा केंद्रावर तपासून घेतले जातात. घरात लाटायला हरकत नाही. पण पीठ, माप आणि तपासणी एका ठिकाणी असली की जबाबदारी ठरते.

केंद्राची पीएमएफएमई ही सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना जून २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात यंत्रासाठी बँक कर्जावर ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे आणि गटाच्या सभासदाला ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल आहे. सध्या अर्ज चालू आहेत का ते पनवेलच्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आणि बीज भांडवलासाठी उमेद अभियानाच्या कर्मचाऱ्यांकडे विचारावं.

अधिकारी आला तर

अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला तपासणीचा आणि नमुना घेण्याचा अधिकार आहे. घाबरून दार लावून घेण्यात अर्थ नाही, अडथळा आणणं हा वेगळा गुन्हा होतो. ओळखपत्र मागायला हरकत नाही. नमुना घेतला तर तो त्याची किंमत देतो आणि लेखी नोटीस देतो. नमुन्याचे चार भाग करून सील करतात. एक भाग विश्लेषकाकडे जातो. व्यावसायिकाने मागणी केली तर एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. ही मागणी तिथल्या तिथे करायची असते. अहवाल विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील करता येतं.

स्वच्छतेत उणीव सापडली तर आधी सुधारणा नोटीस दिली जाते आणि तिची मुदत १४ दिवसांपेक्षा कमी नसते. त्या मुदतीत काम करून फोटोसह लेखी कळवलं तर बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

दंडाचे आकडे मोठे आहेत, पण ते "पर्यंत" आहेत. लेबल चुकलं तर ३ लाखांपर्यंत, अस्वच्छ जागेत माल केला तर १ लाखापर्यंत. मागितलं एक आणि दिलं दुसरं किंवा हलकं, या चुकीला छोट्या व्यावसायिकासाठी २५ हजारांची मर्यादा आहे. दंड ठरवताना किती फायदा घेतला, किती नुकसान झालं, चूक पहिली की पुन्हा पुन्हा केलेली, हे पाहावं असं कलम ४९ सांगतं. पण असुरक्षित अन्नाने कोणाचा जीव गेला तर शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे आणि कलम ६५ प्रमाणे वारसांना किमान ५ लाख रुपये भरपाई द्यावी लागते. तिथे लहान-मोठा असा फरक नाही. शिळी कोळंबी किंवा रात्री उरलेला भात डब्यात भरताना ही गोष्ट आठवली पाहिजे.

सुरुवात कुठून करायची?

आजपासून धंदा कागदावर आणायचा असेल तर क्रम असा ठेवावा. आधी विक्रीची वही सुरू करावी. मग स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या नंबरवर फॉसकॉसचा अर्ज. तो मंजूर होईपर्यंत पाणी, झाकणं, जाळी, व्यावसायिक सिलिंडर यांची सोय. नंबर हातात आल्यावरच लेबल छापायला द्यावं, नाहीतर हजार लेबलं वाया जातात. त्यानंतर पॅकर नोंदणी, काट्याचा शिक्का आणि उद्यम.

प्रमाणपत्रावरची तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावी. कुठल्याही मुदतीचं काम तारीख उलटण्याआधी करावं. कच्चा माल शक्यतो नोंदणी असलेल्या दुकानातून, बिल घेऊन आणावा. दुकानदारही नोंदणी असलेल्याकडूनच माल घ्यायला बांधील असतो, म्हणूनच तो नंबर विचारतो. त्यात त्याचा आगाऊपणा नसतो.

अडचण आली तर एफडीएचा टोल-फ्री नंबर १८००-२२२-३६५ आहे. त्यावर तक्रार करता येते आणि माहितीही विचारता येते. नोंदणीचं काम पेणच्या कार्यालयाकडे आहे, पण अर्ज ऑनलाइन असल्यामुळे फक्त अर्ज देण्यासाठी पेणला हेलपाटा मारायची गरज नाही.